हिंगोलीच्या सहीवर

"पाय टेकला. बाजूला घ्या."

निरीक्षक साहेबांचा आवाज चढलेला नाही. मैदानात चुन्यानं आखलेल्या आठच्या आकड्यात, बरोबर मधल्या फुलीवर एका पोराची मोटारसायकल आचके देत थांबली आहे. पोरगा खाली बघतो. त्याचा डावा बूट पांढऱ्या रेषेवर आहे. कडेच्या लिंबाखाली उभे असलेले त्याचे दोन दोस्त आधी फिदीफिदी हसतात, मग आपलाही नंबर यायचाय हे ध्यानात येऊन गप्प होतात.

"साहेब, चिखल हाय हो. चाक सरकलं."

"पावसाळ्यात रोडवर चिखल नसतो का? सात दिवसांनी या."

हे सात दिवस साहेबांनी मनानं ठरवलेले नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्येच ते लिहिलेले आहेत: चाचणीत नापास झालेल्यानं सात दिवसांनी पुन्हा यावं, आणि तीनदा नापास झाला तर पुढच्या वेळेसाठी ६० दिवस थांबावं. पोरगा गाडी ढकलत बाहेर येतो, बूट गवतावर घासतो आणि कुणाला तरी फोन लावून सांगतो, "झालं जवळजवळ. पुढल्या आठवड्यात."

हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात सप्टेंबरातली सकाळ सुरू झाली आहे. गणपती नुकतेच गेलेत. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लोटलेली गर्दी शहरातून ओसरली आहे आणि गणपतीच्या दिवसांत "नंतर बघू" म्हणून ठेवलेली सगळी कामं आज इथं येऊन उभी राहिली आहेत. ट्रॅक्टरची पासिंग, जुन्या जीपची नावबदली, हरवलेल्या लायसनची दुसरी प्रत. फाटकाबाहेर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांच्या टपऱ्यांवर प्रिंटर कुरकुरतायत. लर्निंगची परीक्षा २०२१ पासून आधार कार्डाच्या आधारावर घरी बसून देता येते, तरी तीही देऊन मिळेल असं खुणेनं सुचवणारा एखादा माणूस त्या टपऱ्यांच्या आसपास असतोच. त्याच्याकडं न बघता माझी भाची सरळ आत चालते आहे. काखेत प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल आणि पायात पावसाळी चपला आहेत.

तिला आज नवीन लायसन काढायचं नाही. ते तिच्याकडं आहे. मोटारसायकल आणि हलकं मोटार वाहन, दोन्ही वर्ग त्यावर आहेत, आणि नंबराच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्याचा एमएच ३८. तिला हवाय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून ती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकायला गेली. आता ती जर्मनीत स्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठात शेतीचंच पुढचं शिक्षण घ्यायला निघाली आहे. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. शहरात ट्राम आहे, रेल्वे आहे, गाडीवाचून काही अडणार नाही. पण प्रयोगाचे प्लॉट शहराबाहेर असले आणि माती-रोपांचे नमुने व्हॅनमधून आणायचे असले, तर व्हॅन चालवू शकणाऱ्याला आधी विचारतात, असं तिला तिकडच्या एका सीनियरनं सांगितलंय.

"आणि मामा, मला दर वेळी दुसऱ्याच्या शेजारी बसून जायचं नाही," हे तिचं स्वतःचं कारण.

आतल्या व्हरांड्यात बाकावर एक गुरुजी बसले आहेत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर पिशवी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेला माणूस ओळखू येतो. तो रांगेत उभा राहत नाही, रांग नीट लागली आहे का ते बघतो.

"कुठं निघालीस बाई?"

"जर्मनीला, गुरुजी."

"शिकायला?"

"हो."

"मी अमेरिकेला. लेकाकडं. टेक्सास." गुरुजी पिशवीतून लायसन काढून दाखवतात. कार्ड नवं असलं तरी नंबर जुना आहे, एमएच २२ नं सुरू होणारा. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी गाडीचं कुठलंही काम म्हणजे परभणीची वारी. गुरुजींनी स्कूटरवर आठ काढला तो परभणीच्या मैदानात. पुढं जिल्हा बदलला, कार्यालय बदललं, लायसन कागदाचं होतं ते प्लॅस्टिकचं झालं, पण नंबर तोच राहिला.

"लेक म्हणतो, बाबा तुम्ही कशाला चालवता, मी आहे ना. पण तो सकाळी जातो तो रात्री येतो. मग आम्ही दोघांनी दिवसभर काय खिडकीतून बघत बसायचं? भाजी आणायची तरी गाडी लागते म्हणे तिकडं."

"मग तिथंच गेल्यावर काढायचा ना परवाना," रांगेतला एक जण सल्ला देतो.

गुरुजी मान हलवतात. त्यांनी सगळं वाचून ठेवलंय. आंतरराष्ट्रीय परवाना ज्या देशाचं लायसन त्याच देशात निघतो. भारतीय लायसनवरचा परवाना अमेरिकेतलं कुठलंही कार्यालय देत नाही. तो घेऊनच विमानात बसावं लागतं. आणि अमेरिकेत सगळ्या देशाला एक नियम नाही, राज्याराज्यानं ठरवायचं. कुठं आपलं इंग्रजीतलं लायसन पुरतं, कुठं त्याच्या जोडीला हा परवाना मागतात. भाड्यानं गाडी देणाऱ्या कंपन्यांची अट आणखी निराळी.

नंबर पुकारला जातो. खिडकीतल्या बाई गुरुजींचं लायसन उलटंपालटं करून बघतात आणि परत देतात.

"गुरुजी, हे नोव्हेंबरात संपायलंय."

"हो, पण परवाना वर्षाचा असतो ना?"

"वर्षाचा असतो, पण लायसन असेल तोवरच. आज दिला तरी तोही नोव्हेंबरातच संपणार. तुम्ही जाणार कधी?"

"दिवाळी करून."

"मग काय उपयोग? आधी रिन्यू करा. वर्षभर आधीपासून करता येतं. चाळिशीच्या पुढं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, नमुना १-ए. ते आणा, नवीन लायसन हातात पडू द्या, मग परवाना."

गुरुजी एक पेन काढून पिशवीवरच्या कागदावर लिहून घेतात. ते चिडत नाहीत. पंचावन्नच्या पुढच्या माणसाचं लायसन पाचच वर्षांचं मिळतं हे त्यांना ठाऊक आहे, फक्त या वेळची पाच वर्षं कधी सरली ते कळलं नाही. ते बाकावर परत येतात, पण निघत नाहीत. भाचीचं काय होतंय ते बघायला बसलेत.

फाइल खिडकीतून आत जाते. सारथी पोर्टलवर आधीच भरलेला नमुना ४-ए, लायसन, पासपोर्ट, फोटो, एक हजार रुपये भरल्याची पावती. व्हिसाची प्रतही तिनं लावली आहे. तो आता आधी दाखवायची सक्ती राहिलेली नाही. काही देशांचा व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, काहींचा अगदी शेवटच्या दिवशी हातात येतो. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम बदलला तेव्हा या परवान्यासाठीची व्हिसाची आणि डॉक्टरी दाखल्याची अट काढून टाकली. त्याच वेळी आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परवान्याची मुदत संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करता येतो, आणि तो अर्ज फिरून मूळ कार्यालयाकडं येतो. म्हणजे बर्लिनमध्ये दिलेला कागद हिंगोलीच्या या खिडकीपर्यंत पोचणार.

"एक वर्ष चालेल ना मॅडम?" मी उगाच विचारतो.

बाई मान वर करून भाचीकडं बघतात. "कुठं चाललीस म्हणलीस? जर्मनी? परवान्यावर वर्षच राहील. तिथं किती दिवस चालतं ते तिथलं तू बघून घे."

"बघितलंय. सहा महिने," भाची म्हणते.

बाकावरचे गुरुजी पुढं झुकतात. "वर्षाचे सहा महिने कसे झाले?"

मग ती समजावून सांगते, खिडकीपाशी कमी आणि गुरुजींना जास्त. परवाना देणारं सरकार आपलं, त्यावरची मुदत आपली. पण रस्ता त्यांचा. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला भारतीय लायसनवर सहा महिनेच गाडी चालवता येते. हे सहा महिने परवान्याच्या तारखेपासून धरत नाहीत, तिथं मुक्काम टाकला त्या दिवसापासून धरतात. त्यानंतर खिशात वर्षाचा परवाना असला तरी विनालायसन गाडी चालवल्याचा गुन्हा. नुसत्या दंडावर भागत नाही, खटला होतो. काही देशांचं लायसन परीक्षेशिवाय बदलून मिळतं, त्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी परीक्षा द्यायची आणि रस्त्यावरचीही.

"मग हा परवाना कशाला काढायचा?" रांगेतला सल्लागार पुन्हा जागा होतो.

"सहा महिने तरी मिळतात ना. आणि आपलं लायसन त्यांच्या पोलिसाला कळायला पाहिजे की."

बाई कागद पुढं सरकवतात. "बसा. साहेब मैदानातून आले की सही होईल."

साहेब मैदानात आहेत म्हणून आम्हीही मैदानात येतो. आता मोटारींची चाचणी लागली आहे. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी, छतावर ‘एल’ अक्षराची लाल पाटी. चाकामागं चाळिशीच्या एक बाई. पदर कमरेला खोचलेला, पट्टा लावलेला. शेजारी साहेब. काचा खाली असल्यानं आतलं ऐकू येतंय.

"चला."

बाई चालत नाहीत. त्या आधी वरचा आरसा हातानं खाली ओढतात, मान तिरकी करून बघतात, पुन्हा थोडा वर करतात. मग उजवीकडचा आरसा. मग डावीकडचा, त्यासाठी साहेबांना जरा मागं रेलायला सांगतात. लिंबाखालची पोरं कुजबुजतात, "मावशी तोंड बघायल्यात का गाडी चालवायल्यात?" साहेब काही बोलत नाहीत. हातातल्या फळीवरच्या कागदावर एक टिक करतात. मी इतक्या जवळ आहे की पेनाची खूण दिसते.

गाडी सुटते. पहिल्या वळणावर इंडिकेटर लागतो, दुसऱ्याला उशिरा लागतो. पलीकडच्या टोकाला दोन खांबांमध्ये मागं घ्यायची आहे. बाई थांबतात, रिव्हर्स टाकतात, आणि गाडी धक्का देऊन बंद पडते. लिंबाखाली आता कुणी हसत नाही. बाई ब्रेक दाबून गिअर न्यूट्रल करतात, चावी फिरवतात, परत आरशात बघतात, मग पूर्ण मागं वळून बघतात, आणि गाडी मुंगीच्या चालीनं दोन्ही खांबांच्या मधोमध नेऊन उभी करतात.

"गाडी बंद पडली होती साहेब," खाली उतरल्यावर त्या स्वतःच सांगतात.

"बंद पडली त्याचं काही नाही. बंद पडल्यावर तुम्ही काय केलं ते बघितलं. पास."

भाचीनं मोबाइलवर काहीतरी उघडलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५. चाचणीत उमेदवारानं काय काय करून दाखवायचं त्याची यादी. ती मला वाचून दाखवते: मागचं दिसण्याचा आरसा जुळवणे, निघण्याआधी खबरदारी घेणे, चढावर गाडी सुरू करणे, हातानं किंवा दिव्यानं योग्य वेळी खूण देणे, दुसऱ्या वाहनाला आणि पायी चालणाऱ्याला त्रास होणार नाही असं वळणे, संकटात झटकन थांबवणे, मागं घेऊन आखूड जागेत वळवणे.

"आता हे बघा." ती दुसरं पान उघडते. जर्मनीच्या परीक्षेची माहिती. लेखी परीक्षेत ३० प्रश्न. चुकीला गुण मोजतात, दहाच्या वर गेले की नापास. इंग्रजीतून देता येते. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग आधीच झालेला लागतो. रस्त्यावरची परीक्षा ५५ मिनिटांची, शहर, गावाबाहेरचा रस्ता आणि जमलं तर तो वेगाचा महामार्ग. परीक्षक मागच्या सीटवर आणि तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक शेजारी. लेन बदलताना नुसत्या आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागं बघावं लागतं. ते एकदा राहिलं तर परीक्षक लिहून घेतो, पुन्हापुन्हा राहिलं तर घरी पाठवतो.

"मामा, यादीत फरक किती आहे सांगा बरं."

फरक फार थोडा आहे. आपला नियम जे मागतो तेच त्यांचा नियम मागतो. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी ती यादी काही मिनिटांत उरकते आणि लायसन मिळाल्यावर कुणी ती उघडून बघत नाही. तिकडं तासभर तीच यादी उमेदवाराच्या मानेवर बसलेली असते. साहेबांनी मघाशी आरशापाशी केलेली टिक त्या यादीतल्या पहिल्या कलमाची होती. चाळिशीच्या त्या बाईंना आज उद्या कुठल्या परदेशात जायचं नाही. पण त्या जशा चालल्या तशा तिथं चालल्या असत्या.

गुरुजीही मैदानाच्या कडेला आले आहेत. ते औंढा नागनाथच्या बाजूचे. हात मागं बांधून ते चाचणी बघतात आणि एकदम म्हणतात, "दुधाळ्याला ते लायगो व्हायलंय, ठाऊक आहे ना?"

ठाऊक कसं नसेल. औंढ्याजवळच्या दुधाळ्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी तिची पायाभरणी केली. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात. अशाच दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, एक हॅनफर्डला, दुसरी लिव्हिंग्स्टनला, आणि हे काम त्यांच्याशी जोडून चालणारं.

"उद्या तिकडचे शास्त्रज्ञ इथं येतील. एखादा म्हणेल, मला स्वतः गाडी चालवत औंढ्याहून हिंगोलीला जायचंय. जाऊ द्यायचं का त्याला?"

"परवाना असला तर जाईल की," मी म्हणतो.

"हां. त्याच्या गावच्या साहेबानं दिलेला परवाना. त्या साहेबाला आपण कधी बघितलंय? त्यानं याच्याकडून आरसा जुळवून घेतला का नाही, कोणास ठाऊक. तरी आपला पोलीस तो कागद बघणार आणि जा म्हणणार. तसंच त्यांचा पोलीस या पोरीचा कागद बघणार. त्याला हिंगोली कुठं आहे ते माहीत नसेल. पण इथल्या सहीवर तो हिला जाऊ देणार."

हा व्यवहार गुरुजींनी मैदानाच्या कडेला उभं राहून जुळवला असला तरी तो कागदावर फार आधी जुळला आहे. १९४९ साली जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा करार झाला. भारत त्यात आहे आणि आंतरराष्ट्रीय परवाना आपण त्याच कराराखाली देतो. तुमचा आम्ही मानू, आमचा तुम्ही माना. पुढं इतर करार झाले, आपल्याकडं राज्याराज्यांतले परवाने निरनिराळ्या आकारांचे निघत राहिले आणि परदेशात आपल्या लोकांना अडचणी यायला लागल्या. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं देशभर एकच नमुना ठरवून दिला. परवान्यावर क्यूआर कोड आला, तो मूळ लायसनला जोडलेला. वेगवेगळ्या करारांतले वाहनांचे वर्ग आपल्या वर्गांशी कसे जुळतात त्याचा तक्ताही आला.

मला त्यातली सहा महिन्यांची मेख आता जास्त कळते. दुसऱ्याच्या सहीवर किती दिवस विसंबायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. पाहुणा असेल तर चालू द्यायचं, मुक्कामाला आला तर आपल्या डोळ्यांनी तपासायचं. उद्या दुधाळ्याला आलेल्या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं राहायचं ठरवलं तर त्यालाही याच मैदानात यावं लागेल आणि चिखल असला तरी चाक सरकू देता येणार नाही.

साहेब आत गेले आहेत. पाठोपाठ आम्ही.

पुस्तिका तयार होऊन टेबलावर आली आहे. तळहातात मावेल एवढी. पानं पातळ, मजकूर एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत, एका पानावर फ्रेंच. एका पानावर पाच अक्षरं, ए पासून ई पर्यंत, आणि प्रत्येकापुढं कसलं वाहन त्याचं वर्णन. ए म्हणजे मोटारसायकल. बी म्हणजे साडेतीन हजार किलोपर्यंतचं, चालक सोडून आठ माणसांचं वाहन. पुढची अक्षरं मालट्रक, बस आणि जोडगाडीची. शिक्का ए आणि बी पुढं बसतो. इथं आपल्या हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहन चालतं, म्हणजे हळदीची पोती भरलेला टेम्पोसुद्धा. तिथं तीच पोरगी साडेतीन हजारावर थांबणार.

साहेब फोटो बघतात, भाचीकडं बघतात, परत फोटो बघतात. पासपोर्टवरच्या नावाची स्पेलिंग बोट ठेवून एकेक अक्षर जुळवतात. लायसनवर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं आणि पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेनं असलं की पुढं परदेशात कटकट होते, हे त्यांना सवयीनं माहीत आहे. इथं दोन्ही जुळतात. टोपण काढलं जातं.

"गाडी स्वतः चालवतेस का नुसतं लायसन आहे?"

"चालवते साहेब. आत्ता गावाहून मीच आणली."

"तिकडं उजव्या हातानं चालतात सगळे. स्टिअरिंग डावीकडं. पहिले काही दिवस रिकाम्या रोडवर चालव. वळताना माणूस सवयीनं आपल्या बाजूला जातो. सरळ रोडवर चूक होत नाही, वळल्यावर होते." सही करता करताच ते बोलतात. मग शिक्का उचलतात, तो बसतो, आणि पुस्तिका तिच्यापुढं येते. "आणि हे एकटं चालत नाही. मूळ लायसन सोबत पाहिजे. लोक हे घेऊन जातात आणि लायसन घरी कपाटात ठेवतात."

गुरुजी व्हरांड्यात थांबलेले. ते पुस्तिका मागून घेतात, चष्मा वर करून फ्रेंच पान बघतात, त्यातलं काही कळत नसूनही शेवटच्या ओळीपर्यंत जातात, आणि खालच्या गोल शिक्क्यातलं हिंगोली हे नाव सापडल्यावर समाधानानं परत देतात. "चल, मी डॉक्टरकडं जातो. नमुना १-ए." ते फाटकाकडं निघतात. टपरीवाला त्यांना हाक मारतो, "गुरुजी, फॉर्म भरून देऊ का?" गुरुजी हातानंच नको म्हणतात.

आम्ही गाडीत बसतो. चाकावर भाची. ती आरसा ओढते, जुळवते. डावा आरसा बघायला मला मागं रेलायला लावते, पट्टा लावला का विचारते. मैदानातल्या त्या बाईंचं बघून नव्हे, ती हे गेले काही महिने करते आहे आणि घरात सगळ्यांना त्याचा कंटाळा आलेला आहे. तिची आई म्हणते, एवढ्या वेळात मी रानात पोचते.

शहर मागं पडतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, मधूनमधून हळदीचे गर्द हिरवे पट्टे. सेनगावच्या रस्त्यावर खड्डा चुकवताना ती आधी आरशात बघते, मग मान वळवून खांद्यावरून मागं, मग गाडी कडेला घेते. मागून येणारा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत पुढं जातो आणि वळून बघतो. एवढा सोहळा खड्डा चुकवायला कोण करतं?

गावाच्या अलीकडं आम्ही मोठा रस्ता सोडतो. पुढं दोन लहान रस्ते एकमेकांना छेदतात. सिग्नल नाही, पाटी नाही, पोलीस तर नाहीच. उजवीकडून एक ट्रॅक्टर येतो आहे, मागं रिकामी ट्रॉली खडखडत. अशा जागी आमच्याकडं एकच नियम: ज्याला घाई तो आधी. ट्रॅक्टर अजून लांब आहे, आम्ही आरामात निघून जाऊ. भाची ब्रेक दाबते. गाडी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहते.

ट्रॅक्टरवाला आम्हाला बघतो. तोही थांबतो. आम्ही जाऊ म्हणून वाट बघतो. आम्ही जात नाही. तो हात हलवून जा म्हणतो. भाची हात हलवून तुम्ही या म्हणते. थोडा वेळ दोन्ही इंजिनं नुसती जागच्या जागी घुरघुरत राहतात. शेवटी तो ट्रॅक्टरवरून उतरतो, डोक्याचा रुमाल सारखा करत आमच्या खिडकीपाशी येतो.

"काय झालं ताई? गाडी बंद पडली का? धक्का मारू?"

"नाही दादा. तुम्ही उजवीकडून आलात ना, तुमचा नंबर पहिला."

"जर्मनीचा नियम आहे हा," मी माहिती पुरवतो.

"नाही मामा, आपलाच आहे. त्यांचाही हाच आहे," भाची म्हणते.

तो माझ्याकडं बघतो, तिच्याकडं बघतो, रिकाम्या चौकाकडं बघतो. "माझा नंबर? मी तर लावलाच नव्हता. कोणी लावला?"

"सरकारनं," ती म्हणते. "१९८९ साली."